झिपऱ्या का थांबला

दार टाचेने अडवून धरत ताईंनी खुर्ची आत ओढली. वाचनालयाच्या वरच्या दालनात मुंगी शिरायलाही जागा नव्हती, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीने आधीच सांगितलं होतं, "बसायचं असेल तर खुर्ची खालून आणावी लागेल हं, काकू." जिना दोनदा चढून त्यांना धाप लागली होती. शेवटच्या रांगेमागे, खांबाच्या आडोशाला खुर्ची टेकवून त्या बसल्या आणि पदराने मान पुसत त्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'झिपऱ्या का थांबला?'

झिपऱ्या हा शनिवारी सकाळी लागणाऱ्या कार्टून मालिकेतला प्राणी. रेड्याएवढा, डोळ्यांवर केस आलेला, बोलता न येणारा. त्याला शिकवायला नेमलेला तरुण प्रशिक्षक इतका कच्चा, की मालिकेत त्याचं नावच 'शिकाऊ' पडलं होतं. दालनातल्या शंभरेक माणसांना या दोघांची इत्थंभूत माहिती होती. फक्त झिपऱ्याचं गुरगुरणं, फुरफुरणं, शिंकणं ज्या गळ्यातून येतं तो गळा खांबामागे बसून घाम पुसतोय, हे कोणाच्या गावीही नव्हतं. आवाजाच्या धंद्यात चेहऱ्याला कोण विचारतो!

ताई हौसेने आल्या नव्हत्या. शुक्रवारी ध्वनिमुद्रण संपल्यावर दिग्दर्शकबाईंनी त्यांना बाजूला घेतलं होतं.

"ताई, पुढच्या भागांसाठी शिकाऊचा आवाज बदलावा असं वरून सुचवलंय. आठ महिने त्याच्याबरोबर तुम्ही काढलेत. ठेवायचा की बदलायचा, तुम्ही सांगाल तसं. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा."

शिकाऊला आवाज देणारा मुलगा आधी चष्म्याच्या दुकानात होता. स्टुडिओत त्याला अजूनही सगळे 'नवा'च म्हणत. साध्या वाक्याला तो चार वेळा अडखळायचा, मग माफी मागायचा, आणि माफी मागतानाही अडखळायचा. दिग्दर्शकबाईंच्या हट्टापायी दोघांना एकाच खोलीत उभं राहून बोलावं लागे, त्यामुळे त्याची प्रत्येक चूक ताईंच्या पायांना भोगावी लागे. 'बदला' हा शब्द शुक्रवारीच त्यांच्या जिभेवर आला होता. पण एखाद्याच्या पोटावर पाय देण्याआधी चार लोकांचं ऐकून घ्यावं, म्हणून सूचनाफलकावर पाहिलेल्या या सभेला त्या आल्या.

"आधी नववा भाग आठवा," अध्यक्षांच्या खुर्चीतल्या दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "दरड कोसळलीय, म्हणून दोघं गुहेत शिरलेत. शिकाऊची शिट्टी हरवलीय. तो झिपऱ्याची दोरी सोडतो आणि म्हणतो, 'जा, आता तू मोकळा आहेस.' झिपऱ्या गुहेच्या तोंडापर्यंत जातो. थांबतो. एक आवाज काढतो. आणि परत येऊन बसतो. का?"

"सवय!" पुढच्या रांगेतून एक बसचालक उठला. अंगावर अजून गणवेश होता. "माझी बससुद्धा थांब्यावर आपोआप हळू होते. म्हणून काय तिचं थांब्यावर प्रेम आहे?"

हशा पिकला. टाळ्याही पडल्या.

"तुमच्या बसला जीव आहे का?" खिडकीजवळून एक आजी कडाडल्या. त्यांच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती. "त्या आवाजात माया आहे, माया. मी अकरा वेळा ऐकलाय."

"आजी, तो वैतागलेला आवाज आहे," बसचालक म्हणाला.

"वैतागातच तर माया असते! माझे हे चाळीस वर्षं असाच आवाज काढतात."

आजींच्या शेजारचे आजोबा छताकडे बघू लागले. दालन हसून हसून लोळायचं तेवढं बाकी राहिलं.

ताईही हसल्या, पण त्यांना तो दिवस लख्ख आठवला. 'जा, आता तू मोकळा आहेस' एवढंच म्हणायचं होतं. नवा म्हणाला होता, 'जा, आता मी मोकळा आहे.' एकदा नाही, चौदा वेळा. काचेपलीकडे दिग्दर्शकबाईंनी डोकं टेबलावर टेकवलं होतं. ताईंची शेवटची बस निघून गेली होती, पायांत गोळे आले होते. पंधराव्या खेपेला वाक्य बरोबर आलं आणि ताईंच्या नाकातोंडातून तो आवाज आपसूक बाहेर पडला. त्यात त्यांनी काहीही घातलं नव्हतं. निव्वळ जीव मेटाकुटीला आला होता. बसचालकाचं बरोबर होतं, असं सांगून टाकावं म्हणून त्यांनी हात वर करायला घेतला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेमागून, दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी बोललं.

"मला वाटतं, झिपऱ्याला तो मुळीच आवडत नाही."

ताईंचा हात अर्ध्यातच राहिला. टोपी कपाळावर ओढून, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या त्या माणसाला ओळखायला त्यांना बघावं लागलं नाही.

"शिकाऊला काहीच जमत नाही," नवा म्हणाला. आश्चर्य म्हणजे तो एकदाही अडखळत नव्हता. "झिपऱ्या जुना, मुरलेला. त्याला दुसरा कोणी मिळाला असता तर त्याचे इतके हाल झाले नसते. तो बिचारा फक्त सहन करतो. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की किती वेळ लावतोस रे बाबा."

"ए टोपीवाल्या!" आजी खवळल्या. "मालिका नीट बघितलीस का?"

"दर शनिवारी बघतो."

"मग कान तपासून घे! आमच्या शिकाऊला असं बोलायचं काम नाही."

बसचालकसुद्धा मागे वळला. "हे मात्र जास्तच झालं. पोरगा कच्चा आहे, पण मनाने चांगला आहे."

चहूबाजूंनी गलका उठला. त्याचीच बाजू घेणाऱ्या शंभर माणसांसमोर नवा खाली मान घालून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

ताई उठल्या. खुर्ची करकरली तशी डॉक्टरांनी डस्टर आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"तो आवाज वैतागाचाच होता," ताई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांनी जरा घोगरा केला. "त्यात माया वगैरे काही नव्हती, आजी. पण मी म्हणते, आवाजाच्या आधी काय होतं ते कोणी ऐकलं का? झिपऱ्या बराच वेळ उभा होता. वाट मोकळी होती. त्याला जायचं असतं तर वैतागायची गरजच नव्हती, तो केव्हाच गेला असता. ज्याच्यावर पाणी सोडलंय त्याच्यावर कोणी इतकं चिडत नाही."

त्या खाली बसल्या. आपण हे बोलू असं दोन मिनिटांपूर्वी त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी काचेपलीकडून दिग्दर्शकबाईंनी दोनदा विचारलं होतं, 'ताई, तुम्ही जाता का? तुमचा आवाज उद्या वेगळा घेऊ.' दोन्ही वेळा ताईंनीच मान हलवून नाही म्हटलं होतं. हे त्या आजवर साफ विसरल्या होत्या.

आजींनी टाळी वाजवली. "म्हणजे मी काय वेगळं म्हणत होते?"

सभा निकाल न लागताच संपली आणि लोक तोच वाद घालत जिना उतरले. ताई खाली आल्या तेव्हा नवा फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"घोगरा काढलात तरी ओळखला मी," तो म्हणाला.

"तुझा तर न काढताच ओळखला. आणि काय रे, इथे बरा घडाघडा बोलत होतास?"

"मा-माझी बाजू नव्हती ना." तो कसंनुसं हसला. मग टोपीची कड चाचपत त्याने विचारलं, "ताई, तुम्ही खरंच चिडला होतात?"

"खूप. तुला फटका मारायचा राहिला एवढंच."

तो मनापासून हसला. ताईंनी पिशवीतून फोन काढला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि त्याच्याकडे पाठ करून त्या दोन पावलं पुढे गेल्या.

"हां, मीच. तुम्ही विचारलं होतंत ना... हो, विचार केला. राहू द्या. नाही, बदलू नका. फक्त अर्धा तास आधी बोलवत जा. आणि मलाही. हो, कळतंय मला. माझे पाय मी बघीन."

फोन पिशवीत टाकून त्या वळल्या. नवा रस्त्याकडे बघत होता.

"कोणाला राहू द्यायचंय?" त्याने विचारलं.

"दिग्दर्शकबाईंकडे मांजर आहे एक," ताई म्हणाल्या. "ठेवायचं की कोणाला देऊन टाकायचं, विचारत होत्या."

"अच्छा." नव्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. "त्रास देतं का फार?"

"नुसता वैताग आहे."

दोघं थांब्याच्या दिशेने चालू लागले. तिथे नवा खांबाला टेकून उभा राहिला. मग समोरच्या दुकानांच्या पाट्यांकडे बघत, प्रत्येक शब्द नीट लावून त्याने म्हटलं,

"शिकेल ते, ताई. त्याला घर आवडलंय."