डेंटर, डेंटिस्ट आणि शेवटची रेकॉर्ड

पहिला गुद्दा डेंटिस्टनं मारला, हे आधीच सांगून टाकू. उगाच डेंटरचं नाव खराब नको.

डेंटर म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा. गल्ली त्याला ठोक्या म्हणायची. पोचे काढण्यात आणि पाडण्यातही त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दोघांच्या हातात एकाच रेकॉर्डची दोन टोकं होती. साठच्या दशकातला कुठलासा विलायती बँड. एकच रेकॉर्ड काढली, फारशी कुणी घेतली नाही, म्हणून आता लोक तिच्यासाठी वेडे. कंपनीनं मोजक्याच प्रती पुन्हा छापल्या होत्या. दुकानात उरलेली ही शेवटची.

"सोडा! मी हिचं सील कधीच फोडणार नाहीये," डेंटिस्ट म्हणाला.

"मग घेता कशाला? ओवाळायला?"

तेव्हा तो गुद्दा आला. ठोक्याचं नाक कडकन वाजलं. ठोक्यानं एका हातानं रेकॉर्ड छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं उत्तर दिलं. डेंटिस्ट कॅसेटांच्या रॅकसकट आडवा झाला.

"अहो, काचेपासून लांब मारा!" दुकानदार ओरडला.

डेंटिस्ट उठून बसला. समोरचा दात तळहातावर घेऊन धंद्याच्या नजरेनं बघत राहिला. तेवढ्यात ठोक्या पैसे टाकून पसार.

दादाच्या घरी दार वहिनीनं उघडलं. "अगं बाई, भावोजी! नाकाला काय झालं?"

"काही नाही, जरा बाजूला सरकलंय. दादा जागा आहे?"

दादा जागाच असायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून कॉटवर पडून छताकडे बघायचा. ओळख नाही, शब्द नाही. डावा हात चालेल असं डॉक्टर म्हणायचे, पण तो कशासाठीही उठत नव्हता. "त्यांच्या आवडीचं काहीतरी करून बघा," एवढंच डॉक्टरांचं शेवटचं औषध.

हीच रेकॉर्ड लहानपणी घरात होती. एका जागी हमखास अडकायची. मग दादा कपाटावर गुद्दा हाणायचा, की सुई पुढं. पुढे एका भांडणात त्यानं ती ठोक्याच्याच डोक्यावर फोडली. दोघं भाऊ एकमेकांना हाणतच वाढले. लाड करायची दुसरी रीत त्या घरात नव्हती.

ठोक्यानं कॉटशेजारच्या कपाटावर प्लेअर ठेवला, सुई टेकवली. ती जागा आली. आणि सरळ निघून गेली.

नवी कोरी रेकॉर्ड. अडकेल कशाला? दात पाडेपर्यंत हे त्याच्या टाळक्यात आलंच नव्हतं.

दादा छताकडे बघत होता.

ठोक्यानं सुई मागे घेतली आणि ती जागा येताच कपाटावर असा गुद्दा हाणला, की वरचा आरसा खाली येऊन फुटला. सुई करकरत घसरली.

"भावोजी! वाट लावलीत की हो नव्या रेकॉर्डची!"

पण पुढच्या फेऱ्याला ती अडकली. एकच शब्द. पुन्हा. पुन्हा.

ठोक्या कॉटवर वाकला. "दाद्या, अडकली बघ. हाण की!"

चादरीवर दादाची बोटं आखडली. मूठ वळली. थरथरत उठली, कपाटाच्या दिशेनं निघाली. तिथवर पोचली नाही. मधे ठोक्याचं नाक होतं.

रक्त पुन्हा सुरू झालं. वहिनी प्लेअर बंद करायला धावली.

"राहू दे, वहिनी," ठोक्या म्हणाला, आणि नाक होतं तिथंच ठेवलं.