आक्काबाई गाडीत बसली

नाताळाच्या आदल्या दिवशी मी आन् माझी सासू आक्काबाई (मी त्यांना आत्या म्हणती) कांद्याच्या वाफ्यात वाकलो व्हतो. थंडी अशी, का वाफ्यातल्या पाण्यात बोटं घातली की ती आपली हायेत का दुसऱ्याची तेच कळंना. तेवढ्यात फोन वाजला. चिखलाच्या हातानंच उचलला. पुण्याच्या थोरल्या जाऊबाई, एस्तेर.

"सुलक्षणा, गीझर चालू आहे ना गं? मुलांना गार पाणी चालत नाही. आणि मटणात तेल कमी घाल. मागच्या वेळी सगळ्यांना त्रास झाला."

मागच्या वेळी पातेलं पुसून खाल्लं, वर डबे भरून नेले. त्रास झाला तो घासणारीला.

"चालू हाय जाऊबाई," मी म्हणले. आमचा गीझर म्हंजी परसातला बंब. त्यात लाकडं सारायला मीच.

"काय म्हंती?" आत्यांनी इचारलं.

"मटणात तेल कमी घाला म्हंती."

"घालूच नको. उकडून दे तिला," आत्या म्हणाल्या, आन् रोप मातीत असं दाबलं की जणू जाऊबाईंचंच नाक.

आमचं घर कारेगावात, कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. माझे सासरे, आनंदराव आबा, यांनी उमेदीत सोता दगडमाती वाहून बांधलेलं. त्यांना तीन लेकरं. थोरले शमुवेल भाऊजी पुण्याला वडगाव शेरीत, फ्लॅट हाय. मधल्या मार्थाताई दौंडला रेल्वे कॉलनीत, नवरा रेल्वेत. धाकटे आमचे मालक, कंपनीत कंत्राटी. नाव पोपट, आन् थोरल्या भावाम्होरं 'व्हय दादा' यापल्याड एक शबूद शिकलेले न्हाईत. आबांना ऐकू येत न्हाई, गुडघ्यानं चालवत न्हाई. त्यांचं हागणं-मुतणं, आत्यांच्या गोळ्या, ह्ये वर्सभर आमच्याकडं. नाताळ तेवढा सगळ्यांचा.

सांजच्याला गाड्या लागल्या, येक भाऊजींची, येक मालकांच्या चुलत्यांची. पोरं उतरली ती नाकाला रुमाल लावून, शेरडांचा वास येतो म्हणून. घरात शिरली ती भिंतीकडं बघत, चार्जिंगला जागा कुठं हाय म्हणून. आज्ज्याच्या पाया पडायचं राहिलं ते राहिलंच. जाऊबाईंनी गाडीतून झाड काढलं, पलाष्टिकचं, आन् त्याच्यावर कापूस चिकटवत बसल्या. बर्फ म्हणं. कारेगावात बर्फ बघायचं तर मासळीवाल्याच्या पेटीत बघावं. मार्थाताईंनी मातर काम केलं. खाटेवर बसून करंज्या मोजून मला सांगितलं, "कमी पडतील गं सुलक्षणा."

सकाळी देवळात उपासना झाली. शमुवेल भाऊजी पार म्होरल्या बाकावर, कोट घालून. गाणं लागलं की डोळं मिटायचं, आन् मिटल्या डोळ्यांनी फोटो कोण काढतंय त्येबी बघायचं. ती कला फकस्त त्यांनाच जमती.

घरी आल्यावर समदे जेवले. तेल मी नेहमीएवढंच घातलं व्हतं. त्रास कुणाला झाला न्हाई, तिसऱ्यांदा वाढा म्हणायचा तेवढा झाला. गावातले पाळकसाहेब जेवायला व्हते. हात धुतल्यावर भाऊजींनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. आबांची खाट मधी आणली. मला वाटलं प्रार्थना हाय.

"आज मी आई-आबांना एक भेट देणार आहे," भाऊजी म्हणाले, आन् मोबाइल उंच धरला. त्याच्यात बिल्डिंगीचं चित्र. खाली दुकानं, वर वळीनं खोल्या. "ही आपली जागा. रस्त्याला लागून आहे. कंपनीतली पोरं खोल्यांसाठी वणवण फिरतात. हे पडकं घर काढायचं आणि हे उभं करायचं. बिल्डर माझ्या ओळखीचा आहे. फक्त आबांची सही पाहिजे."

"आन् आमी?" आत्यांनी इचारलं.

"तुम्ही आता आराम करायचा, आई. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने मार्थाकडे. लेकरांनी आई-बापाला सांभाळायचं, हेच तर शास्त्र सांगतं. काय पाळकसाहेब?"

पाळकसाहेब दात कोरत व्हते. त्यांनी मान हालवली.

"आन् पोपट?"

"पोपट राहील की इथंच. तळाला एक खोली देऊ. भाडेकरूंवर लक्ष ठेवायला आपलं माणूस पाहिजेच. काय रे पोपट?"

"व्हय दादा," आमचे मालक म्हणाले.

माझ्या हातातला तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा का भाऊजींच्या, ह्येच ठरंना.

तवर मार्थाताईंनी डोळ्याला पदर लावला. "या घरातला शेवटचा नाताळ!" म्हणून हुंदका दिला. जाऊबाईंच्या लेकीनं लगेच मोबाइल त्यांच्या तोंडाम्होरं धरला. मग समदेच रडाया लागले. कुणी चुलीला मिठी मारतंय, कुणी दाराच्या चौकटीला गाल लावून फोटो काढतंय. पाडणारेबी ह्येच आन् रडणारेबी ह्येच. म्हातारा-म्हातारी कोरड्या डोळ्यांनी बघत बसलेली.

आबांनी आत्यांचा हात ओढला. "काय म्हंतोय गं शामू?"

आत्या त्यांच्या कानाशी वरडल्या, "घर पाडायचं म्हंतोय! आपुन सा म्हैने त्याच्याकडं, सा म्हैने मार्थीकडं!"

"आन् पोपट?"

"वॉचमन!"

आबांनी आमच्या मालकांकडं बघितलं. मालकांनी मान खाली घातली.

"तू काय म्हंतीस?" आबांनी इचारलं.

आत्या उठून आत गेल्या. बराच वेळ ट्रंकेची कडी वाजत राहिली. भाहेर आल्या तवा हातात भलं मोठं गाठुडं. सरळ अंगण वलांडून गेल्या, शमुवेल भाऊजींच्या गाडीचं म्होरलं दार उघडलं, गाठुडं मांडीवर घेतलं आन् बसल्या.

"आई, कुठं निघालीस?" भाऊजी हसत गेले.

"तुझ्याकडं. पयले सा म्हैने तुझे ना? मग चल की. पोपट, आबांना उचलून मागं निजव."

"आत्ता?"

"मग कवा? शास्त्र सांगतंय म्हणालास न्हवं? माझे सा म्हैने तुझ्याकडं झाले, सा मार्थीकडं झाले, का आबांचा हात धरून मी सोता सही करून घेती. मग पाड घर."

भाऊजींनी जाऊबाईंकडं बघितलं. जाऊबाईंच्या तोंडाचा रंग त्यांच्या झाडावरल्या कापसागत झाला.

"आई, थर्टी फर्स्टला आमच्याकडे यांच्या ऑफिसचे लोक येणार आहेत," त्या म्हणाल्या. "आणि आबांना लिफ्टची भीती वाटेल. बाथरूमही तसलं नाही आमचं."

"कसलं न्हाई?"

जाऊबाई मोबाइलात बघाया लागल्या.

"बरं. मार्थे, आधी तुझ्याकडं येते. दौंड काय लांब न्हाई."

मार्थाताईंचं रडं जागच्या जागी आटलं. "अगं आई, दोन खोल्यांचं क्वार्टर ते! पोराची बारावी हाय. आबा रातभर खोकतात, त्यानं अभ्यास कवा करायचा? उन्हाळ्यात बघू की."

"उन्हाळ्यात काय आबांचा खोकला थांबतोय?"

पाळकसाहेबांना येकायेकी दुसऱ्या घरी जायचं आठवलं. जाताना ते म्हणाले, "देव तुम्हांला मार्ग दाखवो." मार्ग त्यांनाच आधी दिसला. चपला हातात घेऊन निघाले.

आमचे मालक तेवढ्यात आबांच्या खाटेपाशी गेले. मला वाटलं, आईनं सांगितलं म्हणून उचलत्यात आता, 'व्हय आई' म्हणत. पर ते खाटेच्या कडंला खाली बसले आन् पहिल्यांदाच थोरल्या भावाला म्हणाले, "न्हाई दादा." एवढंच. म्होरलं वाक्य त्यांना सुचलं न्हाई. पर न्हाई म्हणाले. त्या गड्याबद्दल मला जरा बरं वाटलं ते त्याच दिवशी.

भाऊजी गाडीभवती फिरत राहिले. "आई, उतर. लोकं बघतायत."

"बघू दे. मी काय चोरून बसलेय?"

हळूहळू अंगण रिकामं व्हायला लागलं. चुलत्यांची गाडी निघाली. मार्थाताई त्यांच्यातच घुसल्या, जाताना राहिलेल्या करंज्या मातर विसरल्या न्हाईत. भाऊजींची गाडीच तेवढी अडकली, कारण त्यात आत्या. शेवटी भाऊजी काचेपाशी वाकले आन् हळूच म्हणाले, "राहू दे आई. घराचं नंतर बघू. काही घाई नाही."

"नंतर म्हंजी?"

"म्हणजे... नकोच. उतर तू."

आत्या त्याच्या तोंडाकडं लई वेळ बघत राहिल्या. मग गाठुडं घेऊन उतरल्या. गाडी अशी पळाली, की धूळ आबांच्या खाटेवर.

दिवस कलला. कंपन्यांचा भोंगा झाला. मी भांडी घासून आले, तर आत्या ओट्यावर गाठुडं जवळ घेऊन तशाच. मला हसू आवरंना. "आत्या, अशी जिरवली त्यांची! आता वर्सभर घराचं नाव काढायचे न्हाईत. गाठुड्यात काय गोधड्या कोंबल्या व्हत्या का?"

त्यांनी गाठ सोडली. दोन धुतलेली लुगडी. आबांची बंडी, कानटोपी. दोघांच्या गोळ्या. शास्त्राचं पुस्तक. आन् लेकाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शेवग्याच्या शेंगा, परसातल्या, फडक्यात बांधलेल्या.

माझं हसू तिथंच थांबलं. "आत्या... तुमी खरंच निघाला व्हता?"

"त्यानं न्हेलं असतं तर गेले असते," त्या म्हणाल्या. "घर घेऊन इतकी वर्सं झाली त्याला. मी आजून बघितलं न्हाई."

मी खाली बसले.

शेंगांचं फडकं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं आन् रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "गाडी लई मऊ व्हती गं. वाईच चालली असती, तर मला झोपच लागली असती."