एकीनं खेळायचं, एकीनं लिहायचं

अठ्ठावीस वर्षांनी दाक्षायणीकडून बोलावणं आलं, तेही चार शब्दांचं. "आपला गेम परत आलाय." खाली जुळे सोलापुरातला पत्ता आणि रविवारची वेळ.

कीर्तीनं तो निरोप लॅबमध्ये, रक्ताच्या नमुन्यांच्या रांगेपुढं उभ्या उभ्या वाचला आणि मोबाईल एप्रनच्या खिशात टाकला. मग दोन मिनिटांनी पुन्हा काढून वाचला. तिला चव्वेचाळिसावं चालू होतं, लेक पुण्याला शिकत होती, आणि छातीत मात्र नववीतल्या पोरीसारखं धडधडत होतं.

गेम म्हणजे जपानी. हल्ली पोरं मोबाईलवर ठोठो गोळ्या झाडतात तसला नव्हे. चार माणसं एका दिशेनं निघतात, वाटेत राक्षस भेटतात. आपण एक वार करायचा आणि थांबायचं, मग राक्षसानं वार करायचा, मग पुन्हा आपण. पत्त्यांत जशी पाळी असते तशी. लढून लढून माणसं बळकट होतात, गावोगावच्या लोकांशी बोलतात आणि कधीतरी शेवटच्या मनोऱ्यापाशी पोचतात. साल शहाण्णव. दाक्षायणीच्या काकांनी मुंबईहून एक मशीन आणलं, त्याबरोबर ही एकच कॅसेट. तिच्यावरचं अक्षरन् अक्षर जपानी.

चाटी गल्लीत दाक्षायणीच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि वर घर. कीर्ती बुधवार पेठेतून चालत यायची. वर्गात दोघींचा बाक एक. मशीनला हातात धरायचं बटणांचं खोकं एकच होतं, तेव्हा पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

"मी खेळते, तू लिही," दाक्षायणी म्हणाली होती. "तुझं अक्षर चांगलंय की."

कीर्ती लिहायची. दोनशे पानी वहीत ती जपानी चिन्हं जशीच्या तशी काढायची आणि पुढं, ते दाबल्यावर काय झालं, ते लिहायची. पहिलं चिन्ह: मारतो. दुसरं: मंत्र. तिसरं: पिशवीतलं औषध. चौथं दाबलं की चौघंही पाठ वळवून वाकायचे आणि लढाई तिथंच मिटायची. दोघींनी बराच विचार करून त्याच्यापुढं लिहिलं, 'नमस्कार'. मोठे राक्षस नमस्कार घ्यायचे नाहीत, तर ते माजलेत असं ठरलं. कुठल्या गावात कुणी काय दिलं, कुठल्या विहिरीत काय सापडलं, सगळं वहीत होतं. ती वही नसती तर दाक्षायणीला दुसरं गाव दिसलं नसतं, हे खुद्द दाक्षायणीच सगळ्यांना सांगायची.

आवडी मात्र दोघींच्या दोन टोकांना. दाक्षायणीला पुढं जायचं असायचं. नवा डोंगर, नवं जहाज, नवा राक्षस, पुढं काय होतं ते. तिचा लाडका तो लाल पागोट्याचा तलवारवाला. कीर्तीला वाटायचं, घाई कशाला? इथंच गावाबाहेर माळावर फिरू, लहान लहान लढाया करू, चौघं बळकट झाले की मग निघू. तिची लाडकी पांढऱ्या झग्यातली, जखमा भरणारी बाई. कीर्तीची आई सरकारी दवाखान्यात आया होती, म्हणून त्या बाईचं नाव पडलं सिस्टर. सिस्टर मेली तर कीर्ती खेळ मागच्या जागेवरून पुन्हा सुरू करायला लावायची.

"मरू दे की गं, औषध दिलं की उठतीय!"

"नको. परत सुरू कर."

"तुझ्यामुळं आपण म्हातारे होऊ या माळावर."

पण करायची पुन्हा सुरू. कुरकुरत, नाक उडवत का होईना, करायची.

खिडकीत एक स्टीलचा पेला असायचा. त्यातून फक्त कीर्ती पाणी प्यायची. दाक्षायणीची अज्जी पार्वतम्मा तो स्वतः वरून भरून द्यायची. आपला म्हणून या घरात वेगळा पेला आहे, याचं कीर्तीला त्या वयात अप्रूप वाटायचं. पेला वेगळा का ते पुढं कळलं, पण त्याचा राग दाक्षायणीपर्यंत कधी पोचला नाही. अज्जी ती अज्जी, मैत्रीण ती मैत्रीण.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात दोघी शेवटच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पोचल्या. कीर्ती म्हणाली, अजून आठ दिवस माळावर काढू. मग तिच्या मावशीचं लग्न निघालं आणि ती करकंबला गेली. पंधरा दिवसांनी परत आली तर दाक्षायणी जिन्यातच भेटली.

"मशीन जळलं गं. लाइट कमी-जास्त झाली आणि धूरच आला."

कीर्ती तिथंच पायरीवर बसून रडली होती. दाक्षायणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि वरून तिची वही आणून दिली होती. त्यानंतर चाटी गल्लीत बोलावणं आलं नाही. दहावीचं वर्ष, वेगवेगळ्या शिकवण्या, मग बाक बदलला. मशीनच नाही तर ती बोलावील कशाला, अशी कीर्तीनं स्वतःची समजूत घातली. आणि त्या समजुतीवर तिनं ही मैत्री अठ्ठावीस वर्षं मनात जपून ठेवली.

पुढं ती असले बरेच खेळ खेळली. लेक झोपली की मोबाईलवर, ड्युटी संपली की बसस्टॉपवर. जुन्या जपानी खेळांच्या वेड्यांचा एक ग्रुप होता, त्यातही ती होती. तिथं रोज भांडणं. कुणी म्हणे, पाळीपाळीनं लढणं हा खरा खेळ, कुणी म्हणे, त्यापेक्षा रेशनच्या रांगेत उभं राहिलेलं बरं. तिथं सगळे तिला कीर्ती सर म्हणायचे. "कीर्ती सर, तुम्ही फारच जुन्या वळणाचे बुवा!" ती कुणाला सुधारत बसली नाही. एकदा तिनं सहज लिहिलं, आम्ही त्या बाईला सिस्टर म्हणायचो. दुसऱ्याच दिवशी अनोळखी नंबरवरून विचारणा आली, "बुधवार पेठेतली कीर्ती का तू?" दाक्षायणीच होती.

खेळाचं नाव कळल्यावर त्याचा शेवट मोबाईलवर एका बोटावर सापडला असता. कीर्तीनं तो पाहिला नाही. शेवट दोघींनी मिळून बघायचा राहिला होता.

रविवारी नळाला पाणी आलं होतं. ते भरून, नवऱ्याला, नवनाथला, दुपारची भाजी सांगून ती निघाली. रिक्षात मांडीवर पिशवी आणि पिशवीत ती वही.

दाक्षायणी जाडजूड झाली होती. केस रंगवलेले, हसू तेच. "अगंबाई, तू तशीच की! काडी!" तिनं गळामिठीच घातली. तिचा नवरा सोमशेखर दुकानाला निघाला होता. "आलात का राक्षस मारायला?" म्हणाला. "हिला जरा आवरा. घरात एकच राक्षस उरलाय, तो मी." आणि हसत जिना उतरला.

दिवाणखान्यात भिंतभर टीव्ही होता. चहा झाला, शेंगापोळी झाली. वही पाहून दाक्षायणीनं कपाळावर हात मारला. "अगं, हा खजिना तू ठेवलास?" दोघी एकेक पान उलटत हसल्या. मग तिनं खेळ लावला, कंपनीनं नव्यानं करून काढलेला, आणि खोकं कीर्तीच्या हातात दिलं. बिनवायरचं, हलकं.

"आज तू खेळ."

कीर्तीनं ते दोन्ही हातांनी धरलं, देवघरातलं काही धरावं तसं. पडद्यावर माळ आला. तोच माळ, पण आता गवत हलत होतं, ढगांच्या सावल्या सरकत होत्या. पहिला राक्षस आला, पण थांबला नाही. पाळीबिळी काही नाही, धावून अंगावरच आला.

"दाब, दाब, दाबत राहा! आता असंच असतंय. बघत बसायचं नाही."

"विचार कधी करायचा मग?"

"विचार कशाला? मार की." दाक्षायणीचे डोळे चमकत होते. "लई भारी केलंय कंपनीनं. सगळा कंटाळा काढून टाकलाय बघ."

कोपऱ्यात इंग्रजीत हुकूम लिहिले होते. चौथ्यावर लिहिलं होतं, पळा.

"अगं, हा आपला नमस्कार!" दाक्षायणी टाळी देत ओरडली. "आपण जन्मभर पळतच होतो की गं!"

"मला कळलं होतं मागेच," कीर्ती हसत म्हणाली. "तुला सांगायला तू कुठं होतीस?"

हसता हसता दाक्षायणीनं डोळे पुसले. "आता एकच बघायचंय मला. शेवटी ती तुझी सिस्टर मनोऱ्यात मागं राहते आणि दार बंद होतं ना, ते कंपनीनं तसंच ठेवलंय की बदललंय. तेव्हा मृत्युंजय केवढा रडला होता!"

पडद्यावर राक्षस मारत राहिला. चौघांतला एक पडला. कीर्तीनं बटणावरचं बोट काढलं होतं.

"कुठला मृत्युंजय?"

"आत्याचा गं, अक्कलकोटचा. सुट्टीला आला होता नाही का."

"कधी?"

दाक्षायणीच्या लक्षात आलं. तिनं शेंगापोळीची ताटली उगीचच सरळ केली. "तू करकंबला गेली होतीस तेव्हा."

"मशीन जळलं होतं तेव्हा."

"जळलं नंतर. दिवाळीत. आता एवढ्या वर्षांनी काय गं त्याचं? पोरी होतो आपण."

कीर्तीनं खोकं सोफ्यावर ठेवलं. इतकी वर्षं जे विचारायचं कारणच पडलं नव्हतं, ते तिनं विचारलं. "अज्जीनं सांगितलं होतं का, मला बोलवू नको म्हणून?"

"छे छे!" दाक्षायणी कळवळून म्हणाली आणि तिचा हात धरला. "शप्पत. अज्जी पेल्याचं वगैरे करायची, मला तेव्हाही आवडायचं नाही. पण तसं काही नव्हतं गं. मनात सुद्धा आणू नकोस."

"मग?"

"मग काय. तू असतीस तर आणखी महिनाभर माळावर फिरवलं असतंस. सिस्टर पडली की परत सुरू कर, परत सुरू कर. मृत्युंजय आला आणि आम्ही तीन दिवसांत उडवलं. काय मजा आली सांगू! तुला सांगितलं असतं तर रडली असतीस. म्हणून म्हटलं जळलं." तिनं हात दाबला. "खरं सांगते, रागावू नको. तुझ्याबरोबर खेळायला कंटाळा यायचा. माणूस म्हणून तू चांगलीच होतीस की."

ती खरं बोलत होती. कीर्तीला ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं, आणि तेच जास्त लागलं. अज्जीनं अडवलं असतं तर रागवायला कुणीतरी होतं. इतर सगळ्या गोष्टींसाठी तिच्याजवळ राग तयार होता, घरात, शाळेत, नोकरीत वापरून वापरून धार लागलेला. याच्यासाठी काहीच नव्हतं. वर्षभर दुपारच्या उन्हात ती चालत यायची, ते दाक्षायणीला लिहून घेण्यापुरतं हवं होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वही तर होतीच तुमच्याकडं," ती म्हणाली. "मी ठेवून गेले होते."

"होती म्हणून तर तीन दिवसांत झालं! मृत्युंजय म्हणाला पण, कुणाचं गं हे अक्षर? छापल्यासारखं."

"तू काय सांगितलंस?"

दाक्षायणी आठवू लागली. मनापासून आठवू लागली. "आठवत नाही बाई," म्हणाली.

कीर्तीनं पदर सारखा केला. नवनाथ जेवायला थांबला असेल, म्हणाली. दाक्षायणीनं बळेबळे शेंगाचटणीचा डबा दिला आणि दारापर्यंत आली. तिचा चेहरा खरोखर पडला होता.

"रागावलीस होय?"

"नाही गं."

"मग पुढच्या रविवारी ये. नक्की. तोवर मी हा माळ वगैरे उरकून थोडं पुढं नेऊन ठेवते. म्हणजे तुला एकदम चांगलं चांगलंच बघायला मिळेल."

"ने," कीर्ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबू नकोस."

दाक्षायणीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "बघ! तेव्हा विचारलं असतं तरी हेच म्हणाली असतीस. मी उगाच एवढी वर्षं मनाला लावून घेतलं." तिनं कीर्तीच्या गालावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

कीर्ती एक मजला उतरते न उतरते तोच आतून तलवारींचा खणखणाट सुरू झाला.