काळजीवाहू आईचं पत्र

सुनेचं कौतुक करायला माझी जीभ सहसा वळत नाही, म्हणून लिहून ठेवते.

दिल्लीतल्या द्वारकेत तेव्हा मेट्रो नव्हती. भाजीची सगळी भिस्त दर मंगळवारी रस्त्यावर भरणाऱ्या मंगळबाजारावर. मी इथे आले तेव्हा हिंदीच्या नावानं शून्य. पडवळ मागताना हवेत हात लांबवायचे. भाजीवाली सरला हसली नाही कधी, एकेक नाव शिकवलं तिनं.

त्या संक्रांतीला शेजारच्या चंद्रप्रभेकडे हळदीकुंकू होतं. वाण फुकटात आलेलं. नव्यानं उघडणाऱ्या मोठ्या एसी दुकानानं प्लॅस्टिकचे डबे पाठवले होते. प्रत्येक डब्यात छापील पत्र: बाजारातली भाजी नाल्याच्या पाण्यावर वाढते, मुलांना जपा. खाली 'एक काळजीवाहू आई'.

"काकू, सही करा," चंद्रप्रभा म्हणाली. "बाजार हटवायचा अर्ज आहे."

"कुणाचं मूल आजारी पडलं?"

"पडेल ना. सगळेच म्हणतायत."

बायका भराभर सह्या करत होत्या. बाजार उठला की सरलाची चूल विझणार, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात आमची सून देवयानी गुडगावच्या ऑफिसातून थेट तिथेच आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिचं ऑफिस जाहिरातींचं. पत्र वाचून ती खाली बसली.

"आई, ही काळजीवाहू आई म्हणजे आमच्या ऑफिसातला साकेत. लग्नसुद्धा झालं नाही त्याचं. दुकानवाले पैसे देतात, आम्ही अशी पत्रं लिहिताना कधी आई होतो, कधी आजोबा. पुढच्या आठवड्यात हेच पेपरात येईल."

ऑफिसात कळलं असतं तर नोकरी गेली असती तिची. तरी भर बायकांत बोलली. मग मला कसलं गप्प बसवतंय.

"चंद्रप्रभे, सुगडात काय भरलंस यंदा?"

"गाजर, बोरं, हरभरा, ऊस. नेहमीचंच."

"आणलंस कुठून?"

"मंगळबाजारातूनच," ती पुटपुटली.

"देवापुढे ठेवताना नाला आठवला नाही. डबा हातात पडल्यावर बरा आठवला."

पहिली सही चंद्रप्रभेनंच खोडली, तेवढं तिचं मोठेपण. मग बाकीच्यांनी. अर्ज गेलाच नाही. डबे कुणी परत केले नाहीत. झाकण घट्ट बसायचं, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी देवयानीला घेऊन बाजारात गेले. सरलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. देवयानीला आवडतात म्हणून मटार एकेक शेंग बघून घेतले. तिनं पिशवीला हात घातला.

"राहू दे," मी म्हटलं. "आज मी उचलते."