पांढऱ्या जर्सींची संदूक

मित्रांनो, मी एक जुनी संदूक आहे. जुनी म्हणजे किती, ते मोजत बसू नका. माझ्या बिजागऱ्या दोनदा बदलून झाल्या आणि कुलपाची किल्ली तीनदा हरवली, एवढ्यावरून काय तो अंदाज बांधा. पण मला अडगळ म्हणाल तर मात्र मला राग येईल. आमच्या देशाचा फुटबॉल संघ माझ्याशिवाय कुठे जात नाही. का जात नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

इस्तरवशन गावातल्या एका सुताराने मला तुतीच्या लाकडातून घडवले. तो फार बडबड्या होता. अंगावर पत्र्याची नक्षी ठोकताना मला म्हणायचा, "सरळ बस गं बाई, वाकडी होऊ नकोस. उद्या तुझ्या डोक्यावर अख्ख्या घराच्या गाद्या चढणार आहेत." मी गुलांदोम नावाच्या मुलीच्या लग्नासाठी तयार झाले होते. तिच्याबरोबर मी खुजंद शहरात तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे सैवलीच्या घरी आले. पोटात तिचे रेशमी कपडे आणि डोक्यावर गाद्या-रजयांची छतापर्यंत चवड. मला वाटले, झाले, आता जन्मभर असेच आरामात बसायचे.

पण सैवलीच्या डोक्यात फुटबॉल भरलेला होता. तरुणपणी तो स्वतः खेळायचा. गुडघा मोडल्यावर तो खेळाडूंचे कपडे सांभाळायच्या कामाला लागला. पुढे एका मोठ्या देशातून फुटून आमचा देश नवा झाला, त्याचा स्वतःचा संघ उभा राहिला आणि त्या संघाचे कपडे सैवलीकडे आले. संघाजवळ जर्सी होत्या, पण त्या न्यायला धड एक पिशवी नव्हती. एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन डोके खाजवत उभा राहिला.

"गुलांदोम, एक मागू का?"

"मागा. नाही म्हटलं तरी घेणारच आहात."

तिने माझ्यातले रेशीम काढून गाठोड्यात बांधले आणि मला आतून-बाहेरून पुसले. मग बोट उगारून म्हणाली, "नेताय ते न्या. पण माझ्या संदुकीत एक बूट जरी गेला, तरी घरात पाऊल टाकू देणार नाही. सांगून ठेवते."

तेव्हापासून तीस वर्षे माझ्या पोटात बूट गेलेला नाही.

सुरुवातीची वर्षे हालाची होती. जर्सींचा एकच जोड. सामना झाला की सैवली त्या धुवायचा आणि त्या ओल्या असतानाच बस निघायची. पाठीवरचे आकडे गुलांदोम हाताने शिवायची. एकदा पावसात आमच्या सात नंबरवाल्याचा आकडाच सुटून लोंबू लागला आणि प्रेक्षक पोट धरून हसले. आम्ही हरायचो, पुष्कळ हरायचो. हरून आलेली मुले माझ्यावर येऊन बसत. मी आपली त्यांचा भार सोसायची. पण ज्या दिवशी आम्ही पहिल्यांदा मोठा सामना जिंकलो, त्या दिवशी चौघे जण माझ्या झाकणावर चढून नाचले. झाकणाला मधोमध पोचा पडला. तो सुतार असता तर त्याने एकेकाचे कान उपटले असते. मला मात्र तो पोचा दागिन्यासारखा वाटतो.

मग संघाला बरे दिवस आले आणि माझे वाईट सुरू झाले. चाकांच्या निळ्या पेट्या आल्या. त्या सुळकन पळायच्या; मला उचलायला दोन माणसे लागायची. मला मैदानाच्या कोठीत, फाटक्या जाळ्या आणि चुन्याच्या पोत्यांशेजारी ढकलून दिले. माझ्या नक्षीत चुना बसला. अंगावरून उंदीर फिरले. कुणीही उठावे आणि माझ्यावर चिखलाचा पाय ठेवून बुटांची नाडी बांधावी. ते दिवस आठवले की अजून माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात. शेवटी सैवलीलाच माझी दया आली. त्याने मला घरी आणून धुतले, तेल लावले आणि एक काम दिले. संघाच्या जर्सींचे दोन जोड होते, लाल आणि पांढरा. लाल जोड निळ्या पेटीत जायचा. पांढऱ्याला जरासुद्धा डाग नको, म्हणून तो माझ्यात ठेवायचा असे ठरले.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगते.

सीमेपलीकडच्या देशात सामना होता. बरोबरी झाली तरी आमचा संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत जाणार होता. तो देशही लाल जर्सीत खेळतो, म्हणून आम्ही पांढऱ्यात उतरायचे असे पत्र आधीच आले होते. सैवलीचा हा शेवटचा सामना होता. त्यानंतर तो निवृत्त होणार होता. गुलांदोमने वीसच्या वीस पांढऱ्या जर्सी इस्त्री करून माझ्यात रचल्या; तिघा गोलरक्षकांच्या हिरव्या निळ्या पेटीत गेल्या. सगळे अगदी व्यवस्थित चालले होते.

निघायच्या सकाळी आमच्या घरी नान यायला लागले. आमच्याकडे मूल परगावी निघाले की आई त्याच्याबरोबर घरचा नान देते. खुजंदमधल्या आया स्वतः आल्या. लांबच्या आयांनी टॅक्सीवाल्यांच्या हाती पाठवले. तेवीस खेळाडूंचे तेवीस नान, ताटाएवढे, मधोमध नक्षी उठवलेले. सामन्याच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मिळून ते खायचे असे ठरले होते. पण ठेवायचे कुठे? नान जमिनीवर ठेवता येत नाही. पालथा ठेवता येत नाही. आणि बुटांशेजारी? तोबा तोबा! निळ्या पेट्यांत सगळीकडे बूटच बूट. सैवलीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

"हीच एक पाक, पवित्र जागा आहे," तो म्हणाला.

त्याने पांढऱ्या जर्सी अलगद काढल्या आणि भिंतीशी लावलेल्या पाहुण्यांच्या रजयांच्या चवडीवर ठेवल्या. माझ्यात धुतलेले फडके अंथरून नान रचले. जर्सी आता स्वच्छ चादरीत गुंडाळून वेगळ्या न्यायच्या, असा त्याचा विचार होता. तेवढ्यात गोलरक्षक दिलोवरची आई मोहीनिसो धापा टाकत आली. "अहो सैवलीभाऊ, माझा नान राहिला! तंदूरच नीट तापला नाही मेला!" तिचा नान घेतला, तिला चहा दिला, तिचे रडू ऐकून घेतले. बाहेर बसवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. सैवलीने मला कुलूप लावले आणि दोघांनी मला उचलले.

मित्रांनो, मी पाहिले होते. जर्सी रजयांवरच राहिल्या होत्या! मी कडी वाजवली, दारात मुद्दाम अडले. सैवली म्हणाला, "हट्टीपणा करते म्हातारी," आणि जोर लावून मला बाहेर काढले. मला झाकण आहे, पण तोंड नाही. नानाच्या वासाने पोट भरलेले आणि जिवाला मात्र घोर लागलेला, अशी मी सीमा ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, मैदानातल्या खोलीत सैवलीने मला उघडले. मुलांनी नानांवर झडप घातली. "ए, हा माझ्या आईचा!" "तुझ्या आईचा करपलाय, तो घे!" खोलीत नुसता गोंधळ माजला होता. सैवली हसत हसत नान वाटत होता. शेवटचा नान उचलला, फडके उचलले आणि खाली माझा तळ दिसला. तो तसाच वाकून राहिला.

"काय झालं काका?" दिलोवरने घास चावतच विचारले.

"पांढऱ्या जर्सी," सैवली म्हणाला. "घरी राहिल्या."

सगळ्यांचे चावणे थांबले. सामन्यावर देखरेख करणारे परदेशी गृहस्थ आले आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, पाच वाजेपर्यंत आकडे असलेल्या वेगळ्या रंगाच्या जर्सी दाखवा. नाही दाखवल्या तर सामना होणार नाही आणि तुम्ही हरलात असे धरले जाईल. प्रशिक्षक आरडाओरडा करणारे, पण ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "काका, तीस वर्षं तुम्ही काही विसरला नाहीत. नेमकं आजच विसरायचं होतं?"

त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरे झाले असते. सैवली माझ्यावर बसला.  मुलांच्या तोंडचा घास आपण घालवला, आता मरेपर्यंत लोक आपल्याला याच गोष्टीवरून ओळखणार, असे तो स्वतःशीच पुटपुटत होता. दिलोवर जवळ येऊन म्हणाला, "काका, गोलरक्षकाची जर्सी तर हिरवी आहे, ती आहे ना? मग मी एकटाच उतरतो. नाहीतरी हे दहा जण कुठे काय करतात?" एरवी सगळे हसले असते.

सैवलीने घरी फोन लावला. त्याला कमी ऐकू येते, म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो. त्यामुळे सगळ्या खोलीने ऐकले.

"गुलांदोम, माझं फार चुकलं गं."

पलीकडून रागवण्याचा आवाज आला नाही. "रजयांवर आहेत, आताच दिसल्या," ती म्हणाली. "किती वाजेपर्यंत हव्यात?"

"पाच."

फोन बंद झाला.

पुढचे सगळे तिनेच नंतर सांगितले. चादरीत जर्सी बांधून, पासपोर्ट छातीशी धरून ती टॅक्सीतळावर गेली. टॅक्सीत दोन माणसे बसलेली आणि चालक बाहेर सूर्यफुलाच्या बिया सोलत आणखी दोन गिऱ्हाइकांची वाट बघत उभा. आमच्याकडे गाडी भरल्याशिवाय हलत नाही. गुलांदोम तिसऱ्या जागेवर बसली आणि चौथ्या जागेवर तिने गाठोडे ठेवले. "झाली भरली. या गाठोड्यात तुझा अख्खा संघ बसलाय. चल!" त्याने गाठोड्याचे टोक उघडून पाहिले, हातातल्या बिया फेकल्या आणि गाडी अशी हाणली की मागचे दोघे देवाचे नाव घेऊ लागले.

सीमेवर आपल्या बाजूच्यांनी तिला रांगेतून पुढे काढले. पलीकडच्या अधिकाऱ्याने मात्र गाठोडे सोडायला लावले. एकेक जर्सी उलटीपालटी करून तो म्हणाला, "मावशी, हे तर आज आमच्याशी खेळणाऱ्यांचे कपडे!"

"हो बाबा, त्यांचेच. अडवायचे तर अडव. मग घरी जाऊन पोरांना सांग, आपण न खेळताच जिंकलो म्हणून. नाचतील हो पोरं!"

तो अधिकारी तिच्याकडे बघतच राहिला. मग खदखदून हसला, शिक्का मारला, स्वतःच्या हाताने गाठोडे बांधून दिले आणि म्हणाला, "जा मावशी, पळा. पण जिंकणार आम्हीच."

इकडे खोलीत पावणेपाच झाले, पाचला दहा मिनिटे उरली. ते परदेशी गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. सैवलीने डोळे मिटले होते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "अहो, बाजूला व्हा, दार काय तुमच्या बापाचं आहे?" माझी गुलांदोम! डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरलेला, चेहरा लालबुंद. तिने गाठोडे माझ्या झाकणावर आपटले आणि मी सुटले, मित्रांनो! दीड दिवस अडकलेला माझा श्वास सुटला. मुलांनी तिला उचलूनच घेतले. सैवली भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला, आणि प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सामना मी पाहिला नाही. सैवलीनेही नाही. त्याच्यात धीरच नव्हता. तो माझ्यावर बसून राहिला आणि गुलांदोम मैदानात जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आधी मैदान फुटेल असा आवाज झाला. त्यांचा गोल. सैवलीने कान झाकले. मग पुष्कळ वेळाने एकाएकी सगळे चिडीचूप झाले.

"काय झालं? गप्प का झाले सगळे?" सैवली घाबरून ओरडला.

गुलांदोम धावत आली. "अहो, ते गप्प झाले म्हणजे आपलाच झाला ना गोल!"

शेवटच्या मिनिटाला पुन्हा आरडाओरडा उठला आणि अर्ध्यातच तुटला. दिलोवरने चेंडू पोटाशी धरला होता. मग शिटी वाजली. एक-एक, बरोबरी! मुले धावत आत आली ती थेट माझ्यावर. झाकणाला दुसरा पोचा पडला.

दुसऱ्या सकाळी बस खुजंदला निघाली. मी मधल्या वाटेत होते, माझ्या पोटात चिखलाने माखलेल्या पांढऱ्या जर्सी होत्या आणि झाकणावर नवरा-बायको बसले होते. बस शहराबाहेर पडली तशी गुलांदोमने रुमाल नीट बांधला, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"आता ऐका. कुठे असतं हो तुमचं लक्ष? वीस जर्सी! एक नाही, दोन नाही. रजया काय सामना खेळणार होत्या? काल टॅक्सीत माझा जीव कंठाशी आला होता, तेव्हाच ठरवलं होतं, सगळं होऊ दे, मग बघते यांच्याकडे!"

सगळी बस कान देऊन ऐकत होती. दिलोवर मागून म्हणाला, "काकू, जरा मोठ्यानं, शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही." काकूंनी आवाज चढवला. ती सीमेपर्यंत बोलली, सीमेनंतरही बोलली. आणि सैवली? तो मान डोलावत होता आणि ती मधेच थांबली की म्हणत होता, "बोल, बोल. आणखी बोल." बोलणी खाताना एवढा सुखी झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी गुपचूप तुमचे कपडे धुते, घड्या घालते, डबा भरते. त्या माणसाला जपा, आणि माझ्यासारखी एखादी जुनी पेटी असेल तर तिच्यावर बुटाचा पाय ठेवू नका. आणि एखाद्या दिवशी ते माणूस तुमच्यापुढे मान खाली घालून "माझं चुकलं" म्हणाले, तर आधी एवढेच विचारा, "किती वाजेपर्यंत हवंय?" रागवायला काय, परतीचा सगळा रस्ता असतो.