सव्वा महिना सावलीत

कोल्हारला मुलगी बघायला गेलो, तर तिच्या मावशीनं मलाच विचारलं, "नवरदेव कुठंय?" अहो, मीच तो! वय छत्तीस, बायोडेटात बत्तीस, आणि उन्हानं रापलेला चेहरा पन्नाशीचा. असा संताप आला म्हणून सांगू! त्याच संध्याकाळी मोबाईलवरून कोलॅजनची पावडर मागवली. रोज एक पुडी पाण्यात घालून प्यायची, सुरकुत्या जातात म्हणे.

डब्यावर लिहिलं होतं, ऊन टाळा, झोप पुरी घ्या. घेतली. दिवसा शेतात गेलो नाही, रात्री पाणी द्यायला उठलो नाही. तासातासाला आरसा. डोळ्याखालची सुरकुती खरंच कमी झाली, का खोलीत उजेडच कमी, काही कळेना. जीव नुसता टांगणीला.

माझे वडील पुंजाराम, आम्ही त्यांना दादा म्हणतो, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं ओट्यावर बसून असायचे.

"गोरख, कांद्यात गवत माजलंय रं. उन्हात काय विरघळतो का तू?"

"दादा, गप बसा बरं! एवढं लगीन जमू द्या."

सव्वा महिन्यानं सृष्टीचं स्थळ आलं. रविवारी ती आणि तिचे वडील आमच्या घरी, पुणतांब्याला आले. तिचे वडील माझ्याकडं बघून हसले, "पाव्हणं, पोरगं शेतकरी वाटतच न्हाई!" मला तर आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "मी कृषी डिप्लोमा केलाय. मला शेती करणाराच नवरा पाहिजे. शेत बघू या का?"

नको म्हणायची सोय नव्हती. दादाही काठी टेकत मागून आले.

घरामागं आमचा कांदा. पात पिवळी पडलेली, गवत तिच्याहून उंच. बांधापलीकडं काशिफभाईंचा कांदा, खुरपून लख्ख केलेला.

"हे कुणाचं?" सृष्टी थांबली.

"शेजाऱ्याचं," मी बोलून गेलो. "आमचं ते पलीकडचं."

आमच्या त्या रानात दादांनी चाळीस वर्षं काढली होती. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

"व्हय का, पाव्हणं?" सृष्टीच्या वडलांनी दादांनाच विचारलं.

दादांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"व्हय. लई आळशी माणूस हाय तो," दादा म्हणाले. "त्याच्या बापाची कीव येती मला."