नजमुन्निसाच्या डोळ्यांतला चुना

मित्रांनो, मी सलाईनची बाटली टांगायचा एक जुना स्टँड. एक लोखंडी दांडा, वर दोन आकडे आणि खाली चाकं, एवढाच माझा पसारा. नांदेडच्या एका वर्कशॉपात मला जोडलं, पांढरा रंग दिला आणि वसमतकडच्या एका दवाखान्यात पाठवलं. सुरुवातीला माझा काय रुबाब होता! जुलाब-उलट्यांची साथ आली की या खाटेवरून त्या खाटेकडे माझी नुसती धावपळ चाले. "तो हलका स्टँड आणा," असं सिस्टर म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे रंगाचे पोपडे निघाले, एक चाक निखळलं. स्टीलचे चकचकीत स्टँड आले आणि मी कोपऱ्यात गेलो. कुणी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घाली, कुणी भाजीची पिशवी अडकवी.

रमजान ईदच्या आधीची गोष्ट. शिरड शहापूरचा अन्सार आपल्या बायकोला, नजमुन्निसाला, घेऊन आला. सोबत शेजारच्या चतुराबाई होत्या. नजमुन्निसाचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते आणि ती कण्हत होती. भिंतींना लावायला तिनं कळीचा चुना डब्यात भिजत घातला होता. खाली वाकून ढवळताना तो उकळून फसकन उडाला, तो थेट तोंडावर.

अन्सार दारातूनच ओरडला, "डॉक्टर, लय टैम झाला! मी म्हनत होतो लगेच गाडीवर बसवू. ह्या मावशीनं सोडलंच न्हाई तिला. नळाखाली धरून बसल्या!"

चतुराबाई नजमुन्निसाला धरून आत आल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"किती वेळ धुतलं?" डॉक्टर कोमल यांनी विचारलं.

"टाकी सरंपस्तोर," चतुराबाई हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी लगेच सलाईन मागवलं. नवे स्टँड सगळे गुंतलेले होते, म्हणून शिला सिस्टरनं मलाच ओढत आणलं. किती दिवसांनी माझ्या आकड्याला बाटली लागली!

आधी डोळ्यांत बधिर करणारे थेंब घातले. मग मान एका कुशीला वळवून सलाईनची धार सोडली, म्हणजे या डोळ्यातलं पाणी त्या डोळ्यात जायला नको. सिस्टरनं नजमुन्निसाच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. त्यांच्या खालीही चुना अडकून कातडी लाल झाली होती. हातावरही पाणी सुरू झालं.

"अहो, पानी तर घरीच घातलं," अन्सार कावराबावरा होऊन म्हणाला. "काही इंजेक्शन द्या ना."

डॉक्टर म्हणाल्या, "चुना आत आत जाळत जातो, भाऊ. तो निघेपर्यंत पाणी हेच पहिलं औषध."

एक बाटली संपली, दुसरी लागली. डॉक्टरांनी डोळ्याला कागदाची पट्टी टेकवली. ती निळी झाली. "अजून चुना आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी उजव्या डोळ्याची वरची पापणी उलटवली. आत चुन्याचा बारीक खडा चिकटून बसला होता. ओल्या कापसानं तो अलगद टिपला आणि पुन्हा धार सुरू केली. नजमुन्निसानं चतुराबाईंचं मनगट आवळून धरलं होतं, ते तिनं सोडलं नाही.

शेवटी पट्टीनं रंग बदलला नाही. डॉक्टरांनी मलम घातलं, नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि अन्सारकडे वळल्या. "तसंच गाडीवर आणलं असतं, तर वाटभर चुना जाळत राहिला असता. डोळे वाचले तर ते या मावशींमुळे."

अन्सार चतुराबाईंजवळ गेला. मग म्हणाला, "मावशी, मी तुमाला लय बोललो."

"तू घाबरला व्हतास, बाबा. चल, आता नांदेडची गाडी बघ."

काही महिन्यांनी त्या दोघी थेंबांची बाटली न्यायला पुन्हा आल्या. माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. डावा डोळा पूर्ण बरा झाला होता, उजव्यात मात्र धुकं राहिलं होतं. नजमुन्निसानं डावा डोळा तळव्यानं झाकला आणि चतुराबाईंकडे पाहिलं.

"हिरवं नेसल्या व्हय आज?"

"व्हय गं. दिसून राहिलं का?"

"काठ न्हाई दिसत. तुमी दिसता."

मित्रांनो, चुना, ॲसिड, फवारणीचं औषध, असलं काही डोळ्यात किंवा अंगावर उडालं, तर हळद, तूप, लिंबू शोधत बसू नका. अंगावर कोरडी पूड असेल तर आधी झटका, भिजलेले कपडे काढा आणि तो भाग वाहत्या पाण्याखाली धरा. माणूस ओरडेल, घरचे रागावतील, तरी हात सोडू नका. दवाखान्यात नक्की या. पण नळाखालून निघा ते डोळे चांगले धुऊन झाल्यावरच.